जबड्याच्या सांध्याचे विकार

जबड्याच्या सांध्याचे विकार म्हणजे खालचा जबडा कवटीला जोडणारा सांधा, त्या सांध्यातील चकती आणि चघळण्याचे स्नायू यांच्याशी निगडित वेदना व हालचालींतील बिघाड यांचा समूह होय. या सांध्याला वैद्यकात टेम्पोरोमँडिब्युलर सांधा असे म्हणतात. ‘टीएमजे’ हे त्या सांध्याचे संक्षिप्त नाव असून त्याच्या विकारांना ‘टीएमडी’ म्हणतात. बोलण्यात मात्र बहुधा सांध्याचेच नाव आजारालाही दिले जाते. कानासमोर दुखणे, तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येणे आणि तोंड पूर्ण न उघडणे ही या विकारांची प्रमुख लक्षणे आहेत.

हे विकार दातदुखीखालोखाल चेहऱ्याच्या वेदनेचे एक प्रमुख कारण मानले जातात. ते पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि साधारणतः २० ते ४५ या वयोगटात अधिक आढळतात. बहुतेक रुग्णांचा त्रास साध्या उपायांनी किंवा आपोआप कमी होतो. थोड्या रुग्णांत तो दीर्घकाळ टिकतो. या कारणामुळे दात, हाड किंवा सांधा यांत कायमचा बदल न करणारे उपचार प्रथम करावेत, हे आजच्या उपचारपद्धतीचे मुख्य सूत्र आहे.

रचना व कार्य

खालच्या जबड्याच्या हाडाच्या दोन्ही टोकांना गोलसर उंचवटा असतो. तो कवटीच्या शंखास्थीतील खोलगट खाचेत बसतो व तेथे सांधा तयार होतो. कानाच्या छिद्रासमोर बोट ठेवून तोंड उघडले असता या उंचवट्याची हालचाल बोटाला जाणवते. शरीरातील बहुतेक हलत्या सांध्यांमधील हाडांवर काचेसारख्या गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या सांध्यातील हाडांवर मात्र तंतुमय ऊतीचे आवरण असते आणि दोन हाडांच्या मध्ये तंतुमय चकती असते. ही चकती सांध्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे करते.

तोंड उघडण्याच्या सुरुवातीला खालच्या कप्प्यात उंचवटा बिजागरीप्रमाणे फिरतो. तोंड आणखी उघडले की उंचवटा व चकती मिळून वरच्या कप्प्यात पुढे सरकतात. फिरणे आणि सरकणे या दोन्ही हालचाली एकाच सांध्यात होत असल्याने त्याची रचना गुंतागुंतीची असते. शिवाय डावा व उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एकाची हालचाल दुसऱ्यावाचून होऊ शकत नाही. त्यामुळे एका बाजूच्या बिघाडाचा परिणाम दुसऱ्या बाजूवरही होतो.

जबडा मिटण्याचे काम मुख्यतः गालातील मॅसेटर, कानशिलावरील टेम्पोरॅलिस आणि जबड्याच्या आतील बाजूचा मध्य टेरिगॉइड हे स्नायू करतात. तोंड उघडण्यास व जबडा पुढे सरकवण्यास बाह्य टेरिगॉइड स्नायू मदत करतो. सांधा, हे स्नायू, दात आणि चेहऱ्याची त्वचा यांच्या संवेदना ट्रायजेमिनल या पाचव्या मस्तिष्क-मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातात. यामुळे वेदना एका ठिकाणी उद्भवून दुसरीकडे जाणवू शकते. जबड्याच्या स्नायूतील दुखणे दाढेत किंवा कानात असल्याचा भास होणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय.

प्रकार

या विकारांचे साधारणपणे तीन गट केले जातात.

स्नायूंचे विकार: चघळण्याचे स्नायू दुखणे, आखडणे किंवा दाबल्यास हुळहुळणे. हा सर्वांत सामान्य प्रकार असून त्यात सांधा निरोगी असू शकतो.

सांध्याच्या आतील बिघाड: यात चकती आपल्या जागेवरून बहुधा पुढच्या बाजूस सरकते. तोंड उघडताना ती पुन्हा उंचवट्यावर आली, तर ‘कट्’ असा आवाज येतो. ती परत न आल्यास वाटेत अडथळा निर्माण होऊन तोंड अर्धेच उघडते. या स्थितीत वरच्या व खालच्या दातांतील अंतर बऱ्याचदा २५ ते ३० मिलिमीटरपुरतेच राहते. उंचवटा खाचेतून फार पुढे जाऊन तेथेच अडकणे, म्हणजे जबडा निखळणे, हाही याच गटातील विकार आहे. त्यात उघडलेले तोंड मिटता येत नाही.

सांध्याची झीज व दाह: अस्थिसंधिवातामुळे सांध्यातून करकर असा खरखरीत आवाज येतो. आमवातासारख्या सार्वदेहिक आजारांतही हा सांधा सापडू शकतो.

एकाच रुग्णात दोन किंवा तिन्ही प्रकार एकत्र असू शकतात.

कारणे

बहुसंख्य रुग्णांमध्ये विकाराचे एकच एक कारण दाखवता येत नाही. जबड्यावर मार बसणे, दंतोपचाराच्या वेळी तोंड फार वेळ उघडे ठेवावे लागणे, दिवसा नकळत दात आवळून धरण्याची सवय, झोपेत दात खाणे, झोपेच्या तक्रारी, मानसिक ताण, चिंता व नैराश्य यांचा विकाराशी संबंध आढळतो. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपेरा’ या मोठ्या अभ्यासात १८ ते ४४ वयाच्या, पूर्वी हा त्रास नसलेल्या व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांच्यापैकी दरवर्षी शेकडा सुमारे ४ जणांना नव्याने हा विकार झाला. ज्यांना आधीपासून शरीराच्या अन्य भागांत वेदना होत्या किंवा ज्यांची झोप बिघडलेली होती, त्यांना हा धोका अधिक असल्याचे दिसले. डोकेदुखी, मानदुखी, कंबरदुखी, आतड्याचा क्षोभ व फायब्रोमायॅल्जिया यांसारख्या तक्रारी याच रुग्णांत वारंवार आढळतात. यावरून दीर्घकालीन जबडादुखीत केवळ सांधाच नव्हे, तर मेंदूची वेदना हाताळण्याची पद्धतही बदललेली असते, असे मानले जाते.

दातांची ठेवण किंवा वरचे व खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत हे विकाराचे मूळ कारण आहे, हा समज दंतवैद्यकात अनेक दशके प्रबळ होता. उपलब्ध संशोधनातून त्याला पुरेसा आधार मिळालेला नाही. दातांना तारा लावल्याने हा विकार होतो किंवा बरा होतो, असेही सिद्ध झालेले नाही.

लक्षणे

वेदना सहसा मंद व ठसठसणारी असते आणि ती कानासमोर, गालात किंवा कानशिलात जाणवते. चघळताना, जांभई देताना व बराच वेळ बोलताना ती वाढते. झोपेत दात आवळले जात असल्यास सकाळी उठल्यावर जबडा जड व आखडलेला वाटतो. काहींना कानात दडा बसल्यासारखे वाटते किंवा गुणगुण ऐकू येते, पण कानाच्या तपासणीत दोष आढळत नाही. तोंड उघडताना खालचा जबडा एका बाजूस वळणे हेही एक लक्षण आहे.

सांध्यातून केवळ आवाज येणे हे आजाराचे लक्षण मानले जात नाही. दुखणे नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर अशा आवाजासाठी उपचारांची गरज नसते. एमआरआय तपासणीत कोणतीही तक्रार नसलेल्या सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींमध्येही चकती सरकलेली आढळली आहे. त्यामुळे प्रतिमेत दिसणारा दोष आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा थेट संबंध जोडता येत नाही.

निदान

निदान मुख्यतः रुग्णाची माहिती आणि हाताने केलेली तपासणी यांवर आधारलेले असते. तपासताना स्नायू व सांधा ठरावीक जागी दाबून पाहतात. त्या दाबाने रुग्णाची नेहमीचीच वेदना जागी होते का, हे विचारले जाते. पुढच्या वरच्या व खालच्या दातांमधील अंतर मोजतात. प्रौढ व्यक्तीत हे अंतर सामान्यतः ४० ते ५५ मिलिमीटर असते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये बसणे ही त्याची ढोबळ कसोटी समजली जाते. १९९२ मध्ये संशोधनासाठी निदानाचे प्रमाणित निकष प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. तीत शारीरिक तपासणीबरोबर ताण, नैराश्य आणि वेदनेमुळे दैनंदिन जीवनावर होणारा परिणाम यांचीही नोंद केली जाते.

हाडाला मार, झीज किंवा सांधा जखडल्याचा संशय असल्यास क्ष-किरण चित्र अथवा सीटी स्कॅन आणि चकतीची स्थिती पाहणे आवश्यक असल्यास एमआरआय करतात. प्रत्येक रुग्णाला या तपासण्यांची गरज नसते.

काही अन्य आजारांची लक्षणे या विकारासारखी असतात. किडलेली दाढ, अक्कलदाढेभोवतीचा जंतुसंसर्ग, कानाचे आजार व ट्रायजेमिनल मज्जातंतूची विजेच्या झटक्यासारखी कळ हे त्यांपैकी सामान्य होत. पुढील लक्षणे असल्यास मात्र विलंब न करता वैद्यकीय तपासणी आवश्यक असते:

– श्रम करताना जबड्यात येणारी आणि छातीत दडपण, घाम किंवा धाप यांसह असणारी वेदना. ती हृदयविकाराची असू शकते.
– वयाच्या पन्नाशीनंतर चघळताना जबड्यात गोळे येणे व त्याबरोबर नवी डोकेदुखी किंवा दृष्टीत बिघाड. कानशिलाच्या रोहिणीच्या दाहात असे होते आणि उपचारास उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.
– जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसणे. हे धनुर्वाताचे पहिले लक्षण असू शकते.
– तोंडात न भरणारा व्रण, मानेत गाठ, चेहऱ्याला बधिरता, ताप किंवा सूज.

उपचार

उपचारांचा हेतू वेदना कमी करणे आणि जबड्याची हालचाल पूर्ववत करणे हा असतो. चकती मूळ जागी आणणे हे बहुतेक वेळा आवश्यक नसते. ती सरकलेली असतानाही सांधा कालांतराने जुळवून घेतो व त्रास कमी होतो.

स्वतः करावयाची काळजी

हा विकार सहसा गंभीर नसतो, हे रुग्णाला समजावून सांगणे हा उपचारांचाच भाग मानला जातो. त्रास वाढलेला असताना काही दिवस मऊ अन्न घेण्याचा सल्ला दिला जातो; मऊ भात व वरण, खिचडी, पेज किंवा दुधात कुस्करलेली भाकरी अशा पदार्थांनी जबड्यावरील भार कमी होतो. ऊस दातांनी सोलणे, चिक्की, फुटाणे, सुपारी आणि च्युइंग गम टाळणे हितावह असते. मात्र जबडा पूर्ण विश्रांतीत ठेवल्यास तो आखडत जातो. म्हणून हळूहळू नेहमीच्या आहाराकडे वळणे आवश्यक असते.

बोलणे व खाणे चालू नसताना ओठ मिटलेले, पण वरचे व खालचे दात एकमेकांपासून सुटे ठेवणे ही जबड्याची नैसर्गिक विश्रांतीची स्थिती होय. दात आवळण्याची सवय असलेल्यांनी दिवसातून अनेकदा ही स्थिती तपासून पाहणे उपयुक्त ठरते. आखडलेल्या स्नायूंना ओलसर शेक १५ ते २० मिनिटे दिल्यास आराम पडतो. ताज्या दुखापतीत थंड शेक अधिक उपयोगी पडतो. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरून तोंड फार उघडू न देणे, फोन मान व खांद्यात न धरणे आणि पुरेशी झोप घेणे याही सूचना दिल्या जातात.

व्यायाम व वर्तनोपचार

जीभ टाळूला टेकवून तोंड सावकाश उघडणे व मिटणे, बोटांच्या हलक्या आधाराने जबडा ताणणे आणि मान व खांद्यांची ठेवण सुधारणे हे व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिकवले जातात. दीर्घकाळच्या वेदनेत बोधात्मक वर्तनोपचाराचा उपयोग होतो. वेदना काल्पनिक आहे असे त्यात गृहीत धरलेले नसते. वेदनेमुळे वाढणारी भीती, दात आवळण्याची सवय आणि बिघडलेली झोप यांचे चक्र तोडणे हा त्याचा हेतू असतो.

‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये दीर्घकालीन जबडादुखीसाठी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. देखरेखीखालील व्यायाम, हाताने केलेले सांध्याचे व स्नायूंचे उपचार, वर्तनोपचार आणि रुग्णाचे प्रबोधन यांच्या बाजूने त्यांत ठाम शिफारस केलेली आहे.

औषधे

आयब्युप्रोफेनसारखी वेदना व दाह कमी करणारी औषधे थोड्या दिवसांसाठी दिली जातात. जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे असते. काही रुग्णांत अल्पकाळासाठी स्नायू शिथिल करणारी औषधे, तर दीर्घकालीन वेदनेत अल्प मात्रेतील अमिट्रिप्टिलीन दिले जाते. अफूवर्गीय औषधे या विकारात टाळली जातात. बोट्युलिनम विषाची इंजेक्शने काही ठिकाणी वापरली जातात. परंतु त्यांच्या उपयुक्ततेचा पुरावा कमकुवत असल्याने उपरोक्त शिफारशींमध्ये दीर्घकालीन वेदनेसाठी ती सहसा न वापरण्याचा सल्ला आहे.

दातांवरील पट्टी

वरच्या किंवा खालच्या दातांवर बसणारी ॲक्रिलिकची पट्टी हा दंतवैद्यांचा बहुप्रचलित उपाय आहे. झोपेत दात खाल्ल्याने होणारी दातांची झीज ती रोखते. वेदना कमी करण्याच्या तिच्या क्षमतेबद्दल मात्र मतभेद आहेत आणि अलीकडच्या पुराव्यांच्या आढाव्यांत तिचा फायदा अनिश्चित ठरला आहे. सर्व दात न झाकणारी किंवा जबडा सतत पुढे धरून ठेवणारी पट्टी दीर्घकाळ वापरल्यास दातांची ठेवण कायमची बदलू शकते.

विकार बरा करण्यासाठी निरोगी दात घासून त्यांची उंची बदलणे, अनेक दातांवर टोप्या बसवणे किंवा तारा लावणे या उपायांना पुरेसा आधार नाही. एकदा घासलेले दात पूर्ववत होत नसल्याने या उपचारांतील चूक सुधारता येत नाही.

सांध्यातील हस्तक्षेप व शस्त्रक्रिया

साध्या उपायांनी गुण न आल्यास आणि दोष सांध्यातच असल्याचे निश्चित झाल्यास सुईद्वारे सांध्याचा वरचा कप्पा क्षारद्रवाने धुतला जातो. ही पद्धत १९९१ मध्ये प्रथम वर्णिली गेली. तोंड अचानक अर्धवट अडकलेल्या रुग्णांत तिचा वापर केला जातो. दुर्बिणीद्वारे सांध्याच्या आत पाहण्याच्या पद्धतीचा विकास १९७० च्या दशकात जपानमध्ये झाला. सांधा उघडून केली जाणारी शस्त्रक्रिया फार थोड्या रुग्णांना लागते. सांधा जखडणे, अर्बुद, गंभीर दुखापत किंवा सांध्याचा पूर्ण नाश ही तिची प्रमुख कारणे होत. अशा वेळी धातू व पॉलिएथिलीनचा कृत्रिम सांधाही बसवता येतो.

निखळलेला जबडा बसवणे हा तातडीचा उपचार आहे. त्यासाठी वैद्य आपले अंगठे खालच्या दाढांजवळ ठेवून जबडा खाली व मागे दाबतो आणि बोटांनी हनुवटी वर उचलतो.

इतिहास

जबडा निखळणे व तो बसवणे यांचे वर्णन प्राचीन इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये आणि हिपॉक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांमध्ये आढळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उघडे राहिलेले तोंड मिटवण्यासाठी जबड्याला शेक देऊन तो अंगठ्यांनी दाबावा व हनुवटी वर उचलावी, अशी कृती दिलेली आहे. १८८७ मध्ये एडिंबरोचे शल्यविशारद थॉमस अॅनान्डेल यांनी सरकलेली चकती शस्त्रक्रियेने जागेवर बसवल्याचे वृत्त प्रसिद्ध केले.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये कानाच्या तक्रारी व जबड्याचा सांधा यांचा संबंध मांडला. दाढा गेल्याने जबडा अधिक मिटतो व सांध्यामागील भागावर दाब पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. शरीररचनेच्या अभ्यासातून हे स्पष्टीकरण पुढे चुकीचे ठरले. पण दातांची उंची बदलून विकार बरा करण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लास्लो श्वार्ट्झ यांनी आणि १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी स्नायू व मानसिक ताण यांच्याकडे लक्ष वेधले.

१९८० च्या दशकात एमआरआय व अन्य तपासण्यांमुळे सरकलेली चकती स्पष्ट दिसू लागली आणि चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. तिच्या जागी बसवण्यासाठी व्हायटेक या अमेरिकी कंपनीने प्रोप्लास्ट व टेफ्लॉन यांचे रोपण बाजारात आणले होते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या विक्रीस मुभा दिली. चघळण्याच्या दाबाखाली या रोपणाचे बारीक कण सुटू लागले, त्यांच्याभोवती शरीराची तीव्र प्रतिक्रिया झाली आणि भोवतालचे हाड झिजत गेले. काही रुग्णांत ही झीज कवटीच्या तळापर्यंत पोहोचली. १९९०-९१ मध्ये प्रशासनाने धोक्याचा इशारा देऊन रोपण परत मागवले, तर १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे या प्रकरणाची सुनावणी झाली. अनेक रुग्णांना पुढे एकामागून एक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या व त्यांची मूळ वेदना कायम राहिली.

या अनुभवानंतर पूर्ववत करता येण्याजोग्या उपचारांना प्राधान्य देण्याची भूमिका दृढ झाली. अमेरिकेतील दंतसंशोधकांच्या संघटनेने २०१० च्या धोरणात तिचा पुरस्कार केला. २०२० मध्ये मुख-चेहरा वेदना ही शाखा अमेरिकेत दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य झाली.

भारतातील संदर्भ

भारतात तोंड कमी उघडणाऱ्या रुग्णाची तपासणी करताना मुखातील अवश्लेष्म तंतुमयता हा आजार प्रथम लक्षात घ्यावा लागतो. सुपारी, गुटखा व मावा यांच्या सेवनाने गालाच्या आतील अस्तर पांढरट व ताठर होत जाते आणि तिखट पदार्थांनी तोंडात आग होते. यात दोष सांध्यात नसून अस्तरात असतो. तसेच या आजारातून मुखकर्क उद्भवण्याचा धोका असतो. त्यामुळे त्यालाच ‘टीएमजेचा त्रास’ समजून केवळ व्यायाम करत राहणे घातक ठरू शकते. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा व पानमसाला यांच्या विक्रीवर बंदी असली, तरी हे रुग्ण दंतरुग्णालयांत अजूनही येतात.

दुसरा महत्त्वाचा विकार म्हणजे बालपणी सांधा जखडणे. मूल हनुवटीवर पडल्यानंतर किंवा कानाचा जंतुसंसर्ग सांध्यापर्यंत पसरल्यानंतर जबडा व कवटी यांची हाडे एकमेकांना जुळून येतात. तोंड उघडत नाही, खालचा जबडा खुजा राहतो, खाणे व दात स्वच्छ करणे कठीण होते आणि झोपेत श्वास अडखळतो. येथे व्यायाम व औषधे पुरेशी नसतात. जुळलेले हाड कापून सांधा मोकळा करणे आवश्यक असते व त्यानंतर दीर्घकाळ तोंड उघडण्याचे व्यायाम करावे लागतात. हनुवटीवर पडलेल्या मुलाची जखम वरवरची दिसली, तरी त्याचे तोंड पूर्वीइतके उघडते का, हे पुढील काही महिने पाहत राहणे यासाठी महत्त्वाचे असते.

दंत महाविद्यालयांतील मौखिक वैद्यक व क्ष-किरणशास्त्र विभागात या विकारांची प्राथमिक तपासणी होते. शस्त्रक्रियेची गरज असलेले रुग्ण मुख व जबडा शल्यचिकित्सा विभागाकडे पाठवले जातात.